बुधीच्या वाडीचं पाकीट

निवडणूक म्हटली की लोकांना सभा, भोंगे, गुलाल आठवतो. मला आठवते ती लाख. मोजायची नव्हे, पाकिटावर ओतायची. मेणबत्तीवर धरली की तिचा एक करपट वास सुटतो. तो माझ्या नाकात इतका बसला आहे की अजूनही कुठे लाख तापली की मला वाटतं, झाली मतमोजणी, आता घरी जायला हरकत नाही.

मी शहापूरचा. नोकरी मामलेदार कचेरीत, आधी शहापूरला आणि पुढे मुरबाडला. हुद्दा कारकुनाचा. पण निवडणुका लागल्या की मतपत्रिकांचं काम माझ्या गळ्यात पडायचं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको असायचं. बाकीच्यांना जीपमधून हिंडायला मिळे, गावोगाव चहा मिळे, पुढाऱ्यांच्या ओळखी होत. मला मिळायचे कागदाचे गठ्ठे. आमच्या घरातून शेरा यायचा, "तुम्हाला सरकार रद्दी सांभाळायचा पगार देतं."

हे काम बाहेरच्या माणसाला कधी ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. मतपत्रिका छापून आल्या की मोजून घ्यायच्या आणि कचेरीतल्या ट्रेझरीत कुलूपबंद करायच्या. तिथे पोलिसांची गारद असते. मतदानाच्या आधी प्रत्येक केंद्राला त्याच्या यादीप्रमाणे आणि वर थोड्या जादा द्यायच्या, सही घ्यायची. मतदान झालं की वापरलेल्या, न वापरलेल्या, खराब झालेल्या, सगळ्या परत यायला हव्यात. उमेदवार पडो की निवडून येवो, त्याची काळजी आम्हाला नाही. आमची लेकरं तेवढी संध्याकाळी घरी आली पाहिजेत. मोजणी झाली की वापरलेल्या पत्रिकांचं पाकीट बांधायचं, त्यावर लाख ओतून मोहोर उठवायची आणि परत ट्रेझरीत ठेवायचं. मुदत साधारण वर्षाची. तोवर कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय ते पाकीट कलेक्टरांनीही उघडायचं नाही. मुदत संपली आणि कोर्टात भानगड नसली, की जाळून टाकायचं.

म्हणजे वर्षभर जीव लावून सांभाळायचं, आणि मग आपल्याच हाताने काडी लावायची. असली नोकरी.

सुरुवातीच्या निवडणुकांत तर गंमतच होती. तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसत. पडद्याआड प्रत्येकाची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आमच्या डोंगराकडच्या लोकांनी त्या पेट्यांना नमस्कार केले, हळदीकुंकू वाहिलं. मोजणीला पेट्या उघडल्या की कागदांबरोबर झेंडूच्या पाकळ्या आणि तांदळाचे दाणे निघायचे. काहींनी तर कागद पेटीच्या फटीत न घालता वर ठेवून, त्यावर फूल ठेवून, पाया पडून घर गाठलं. देवापुढे ठेवलेलं पान कुणी देवाच्या तोंडात कोंबतं का, असा त्यांचा साधा हिशेब. नियमाप्रमाणे ती मतं बाद.

अशाच, सत्तावन सालच्या निवडणुकीतला एक म्हातारा मी विसरलेलो नाही. शहापूरच्या कचेरीत मतदानानंतर दोनेक दिवसांनी तो उगवला. खर्डीकडचा, आडरानातल्या पाड्यावरचा. खर्डीला गाडीत बसला, आसनगावला उतरला आणि तिथून पायी आला. मुंडाशातून एक घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाहतो तो मतपत्रिका!

"ह्यो तुमचा कागुद," म्हणाला. "म्हातारीला दावाया नेला व्हता. ती आंथरुनाला खिळलीय. बोलली, राज्यानं तुमाला काय दिलं त्ये मला बी दावा. दावला. आता सांगा, पेटी कुठं हाय?"

आमचे हेडकारकून चक्रावले. मतपत्रिका केंद्राबाहेर नेणं गुन्हा, आणि हा गुन्हेगार पदरचं भाडं खर्चून मुद्देमाल परत द्यायला आला होता. मामलेदारांनी हसू आवरून सांगितलं, कागद वेगळ्या लिफाफ्यात घाला, लिफाफ्यावर हकीकत लिहा, आणि आजोबांना चहा द्या. म्हातारा चहा प्याला आणि म्हणाला, "मंग माझं मत?"

"आजोबा, ते आता गेलं."

"गेलं कसं? ह्ये काय तुमच्या हातात हाय."

कागद सगळा चोख होता, माणूस चोख होता, फक्त पेटी निघून गेली होती. तो पायऱ्या उतरून गेला तेव्हा मला फार वाईट वाटलं. पत्रिकांचा हिशेब मात्र जुळला, आणि जुळल्याचा आनंद झाला याची थोडी लाजही वाटली.

पुढे वेगळ्या पेट्या गेल्या. एकच पेटी, आणि मतपत्रिकेवर चिन्हं छापलेली. हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा. फुलं-तांदूळ थांबले. पण लोकांच्या मनात एक नवीन भीती शिरली. पूर्वीचा कागद कोरा होता, तो कुठल्या पेटीत गेला एवढंच. आता कागदावरच खूण राहणार, आणि तो कागद वर्षभर सरकारजवळ राहणार. या भीतीची गोष्ट मला सांगायची आहे. ती मुरबाडची.

साठ सालानंतरची एक ग्रामपंचायतीची निवडणूक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या मंडळींची नातवंडं आता शिकली आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. सिद्धगडाच्या बाजूचं एक गाव समजा. गावात एक जंगलचे ठेकेदार होते, त्यांना धोंडूशेट म्हणू. त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या चालायच्या. गावाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी होती. त्यांना ना जमीन ना बैल. पावसाळा संपला की वाडीच्या वाडी भट्टीवर जायची, ती आगोटीला, पाऊस तोंडावर आला की परत. भट्टीचं काम मिळालं नाही तर त्या वर्षी चुली कशावर पेटणार हा प्रश्नच.

धोंडूशेट पंचायतीला उभे राहिले. समोर काळू नावाचा एक ठाकर शेतकरी, नाचणी-वरी पिकवणारा. शेट निश्चिंत होते, कारण वाडीची मतं म्हणजे घरचीच. पण मोजणी झाली आणि काळू निवडून आला. फार नव्हे, थोडक्यातच. वाडी फुटल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. धोंडूशेट निकाल ऐकताच उपरणं झटकून कचेरीबाहेर पडले.

इथे एक नियम सांगितला पाहिजे. पाकिटावर कचेरीची मोहोर तर उठतेच, पण उमेदवारांची इच्छा असेल तर त्यांनाही आपली मोहोर उठवता येते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की आत ढवळाढवळ झाली. शेटजींची पितळी मोहोर होती, पण ते रागावून गेले. काळू हजर होता, पण त्याच्याकडे कसली मोहोर? बिचारा जिंकूनही घाबरलेला. लाख थंड व्हायला लागली.

मामलेदार म्हणाले, "अरे, काहीही चालेल. तुझी म्हणून ओळखू येईल अशी वस्तू आण."

दाराशी वाडीतली एक बाई उभी होती. काळी, काटक, केस पिकत चाललेले, गळ्यात मण्यांच्या माळा. ती निकाल ऐकायला आली होती आणि पहारेकऱ्याने हाकलूनही गेली नव्हती. काळूने तिच्याकडे पाहिलं. तिने गळ्यातली एक माळ काढून त्याच्या हातात दिली. माळेत मधोमध एक कवडी होती, तिच्या कडेचा टवका उडालेला. काळूने ती कवडी लाखेवर दाबली. कचेरीच्या मोहोरेशेजारी कवडीचा दातेरी ठसा उठला, एका बाजूने बोथट. मामलेदारांनी मान डोलावली.

त्या बाईचं नाव बुधी. माळ परत गळ्यात घालता घालता तिने मला विचारलं, "ह्ये कागुद आता कुठं जाणार रे?"

बुधी सगळ्यांनाच अरे-तुरे करायची, देवालाही आणि मामलेदारांनाही. मी सांगितलं, ट्रेझरीत.

"किती दिस?"

"वर्षभर. मग जाळायचे."

"आन तोवर त्यो शेट येऊन बघंल तर? कुनी कुटं शिक्का मारला त्यो?"

मी तिला समजावलं. मतपत्रिकेवर कुणाचं नाव नसतं. नंबर असतो. तो नंबर कुणाला गेला ते शोधायचं तर मतदारांची खुणेची यादी लागते, आणि ती यादी दुसऱ्या पाकिटात, दुसऱ्या कपाटात. ही दोन पाकिटं म्हणजे न पटणाऱ्या जावा. त्यांना एका ठिकाणी बसवायचा अधिकार फक्त कोर्टाला. बुधीने सगळं ऐकून घेतलं. तिला दोन जावा होत्या की काय कोण जाणे, पण ते तिला पटकन समजलं.

"जाळशील तवा मला बोलाव," ती म्हणाली. "मी बघल्याबिगर नको जाळू."

मी हो म्हटलं. कचेरीत येणाऱ्या माणसाला हो म्हणून वाटेला लावायची आम्हा कारकुनांची सवय असते. पण बुधी वाटेला लागणाऱ्यांतली नव्हती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन कचेरीच्या व्हरांड्यात ट्रेझरीच्या दाराजवळ येऊन बसली. टोपलीत शेवळं, पहिल्या पावसाची रानभाजी. गारदीचे हवालदार साताऱ्याकडचे, जाड मिशांचे, त्यांनी दरडावलं, "ए बाई, इथं बसायचं न्हाई, हितं खजिना हाय."

"माझा बी हाय त्यात," बुधी म्हणाली.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना हकीकत सांगितली. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनी तिला उठवलंच. पण ती उठून अंगणातल्या चिंचेखाली अशा बेताने बसली की ट्रेझरीचं गजाचं दार समोर दिसावं. त्यानंतर दर बाजाराला ती तिथेच. शेवळं संपली, पावसात खेकडे आले, करटोली आली, मग कंद आले, मधाची पोळी आली. माल संपला की टोपली उपडी ठेवून मला हाक मारायची, "भाऊसायब, हाय ना?"

मी खिडकीतून म्हणायचो, "आहे."

"कुलूप?"

"आहे."

मग ती घरी जायची. सुरुवातीला सगळी कचेरी हसायची. पुढे पुढे हवालदारच मला विचारायला लागले, आज तुमची तपासणी आली नाही का? एका बाजाराला ती तापाने आली नाही तर त्यांनीच वाडीकडच्या माणसाजवळ निरोप धाडला की कुलूप जागेवर आहे. वरच्या साहेबांची तपासणी वर्षातून एकदा व्हायची. बुधीची दर आठवड्याला होत होती, आणि खरं सांगतो, त्या वर्षाइतकं माझं कपाट पुन्हा कधी नीटनेटकं राहिलं नाही.

दिवाळी झाली. भट्ट्या लागायचे दिवस आले. आणि एक दिवस, बाजार नसताना, बुधी कचेरीत आली ती थेट माझ्या टेबलाशी. टोपली नव्हती. डोळे लाल.

"तू दाखवलंस त्याला?"

मला काही कळेना. मी तिला बसायला सांगितलं. ती बसेना.

"शेटला कागुद दाखवलंस तू! त्यो वाडीत येऊन बोलला. बोलला, मी मुरबाडला जाऊन पाकीट फोडलं, भाऊसायबानं सोता दाखवलं. कुनी कुनाला दिलं ते समदं मला ठावं झालं. ज्यानं मला मत दिलं त्याला भट्टीवर काम. ज्यानं नाय दिलं त्यानं कान धरून कबूल व्हावं, मंग बघू. आन जो लपवंल त्याची चूल बंद."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. धोंडूशेट त्याआधी एकदा कचेरीत येऊन गेले होते हे खरं. पाकीट नुसतं बघू द्या म्हणाले होते. मामलेदारांनी त्यांना दोनच शब्द सांगितले होते, "कोर्टाचा हुकूम?" आणि ते परत गेले होते. बघायला मिळालं नाही म्हणून आता बघितल्याची थाप. आणि थापेत माझं नाव!

"बुधी, मी दाखवलं नाही," मी म्हणालो. "पाकीट आहे तसंच आहे."

"तू तर तसंच बोलनार," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "दोघं तिघं कबूल व्हायला निघालंत. पोरं हायेत रे त्यांना. तू नाय दाखवलंस तर मला सांग कसं कळनार?"

बरोबरच होतं. माझ्या शब्दाखेरीज तिच्यापाशी काय होतं? आणि कचेरीतल्या माणसाच्या शब्दाला वाडीत काय किंमत, ते मला ठाऊक होतं. मी तिला घेऊन मामलेदारांकडे गेलो. ते तरुण होते, कायद्याचे पक्के, आणि थोडे खोडकरही. त्यांनी सगळं ऐकलं. नियमांचं पुस्तक मागवलं. पान उघडून मला म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. पाकीट उघडू नये. आतले कागद तपासू नयेत. कुणापुढे हजर करू नयेत, कोर्टाच्या हुकमाशिवाय.

"आतले कागद," मामलेदार म्हणाले. "पाकिटावरची लाख बघू नये असं कुठे लिहिलंय?"

"नाही साहेब."

"मग बाजाराच्या दिवशी वाडीला बोलवा."

बाजाराच्या दिवशी वाडी आली. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं. चिंचेखाली सगळे दाटीवाटीने उभे. मामलेदार स्वतः हजर, हवालदार कडक गणवेशात. ट्रेझरीचं कुलूप उघडलं, मी पाकीट आणून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं. कुणी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं हवालदारांनी बजावलं. पहिली बुधी पुढे आली. तिने वाकून, लाखेला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं. मग गळ्यातली कवडी काढून ठशाच्या शेजारी, पण न टेकवता, धरली.

"माझीच," ती म्हणाली. "ह्यो बघा टवका. मोडली नाय, भेगलली नाय."

मग एकेक जण पुढे आला. म्हसोबाच्या दर्शनाला लागावी तशी रांग लागली. दोघा-तिघांनी हात जोडले. एका बाप्याला मात्र शंका. तो म्हणाला, "वरून बरूबर हाय. पन आत कागुद हायेत का?" मामलेदारांनी क्षणभर विचार केला आणि मला म्हणाले, त्याच्या हातात द्या, वजन बघू दे. वजनाविषयीही नियम गप्प होता. त्याने पाकीट तळहातावर तोललं आणि समाधानाने मान हलवली. मी पाकीट परत कुलपात ठेवलं तेव्हा माझी छाती चांगली फुगली होती, हे कबूल करायला मला संकोच नाही.

आणि योग बघा, तेवढ्यात कचेरीच्या फाटकातून धोंडूशेट आत आले. जंगलखात्याच्या कसल्याशा कामाला ते बाजाराच्या दिवशी यायचेच. अंगणात आपली सगळी वाडी पाहून ते थबकले. बुधी त्यांच्या वाटेत उभी राहिली. मला वाटलं, ही आता त्यांना खोटारडा म्हणणार आणि भट्टीचं काम कायमचं जाणार.

"शेट," बुधी मोठ्याने म्हणाली, बाजारातली माणसंही वळून बघू लागली, "तू समदं कागुद बघितलं ना?"

"बघितलं," शेट म्हणाले. माघार घ्यायची कशी?

"मंग सांग, मी कुनाला दिलं?"

शेटजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग ठसक्यात म्हणाले, "तू? तू मला नाय दिलंस!"

"झूट!" बुधी ओरडली. "मी तुलाच दिलं!"

शेट गडबडले. तेवढ्यात पाकीट तोलणारा तो बाप्या पुढे आला. "मी बी तुलाच दिलं, शेट." मागून एक म्हातारी, "मी पन रं, तुलाच." मग एकामागून एक, सगळी वाडी. तुलाच, तुलाच, तुलाच. कडेवरचं एक पोरही बोबडं काहीतरी ओरडलं. बाजारातली माणसं खोखो हसायला लागली. हवालदार मिशीवर ताव देत अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "शेट, येवढी मतं पडली, मग पडला कसे वो तुमी?"

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, खरं काय ते तुम्ही सांगा."

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "पाकीट बंद आहे."

बिचारे! करतात काय? ज्याने मला मत दिलं त्याला काम, ही त्यांचीच बोली. वाडीत जाऊन चारचौघांत केलेली. आणि आता भर बाजारात सगळ्यांनी त्यांनाच मत दिलेलं. नाही म्हणायचं तर पुरावा हवा, पुरावा ट्रेझरीत, आणि ट्रेझरीच्या दाराशी हवालदार. शेवटी ते स्वतःच हसले. माणूस तसा अगदीच वाईट नव्हता. कोळशाच्या धंद्यात जेवढा काळा होतो तेवढाच. "उद्या या सगळे भट्टीवर," म्हणाले, आणि आले होते ते काम न करताच परत फिरले.

त्या वर्षी वाडीच्या चुली पेटल्या. बुधी भट्टीवर गेली तशी तिची दर आठवड्याची हाक बंद झाली, आणि मला बाजाराच्या दिवशी करमेना. पण पाकिटाची मुदत संपत आली तेव्हा मी आठवणीने निरोप धाडला. हा होकार नुसता वाटेला लावायचा नव्हता, हे एव्हाना मला कळलं होतं.

ती आली. अंगाला कोळशाचा वास, हातांना काजळी. कचेरीच्या मागच्या अंगणात मामलेदार, हेडकारकून आणि मी असे उभे होतो. पाकीट न फोडता, होतं तसं, रॉकेल शिंपडून पेटवलं. लाख आधी वितळली, चरचरली, तोच माझा ओळखीचा वास सुटला. मग कागद धरले. कागदाचा गठ्ठा एकदम जळत नाही, मधला भाग कोरा राहतो. हे भट्टीवरच्या बाईला सांगायची गरज नव्हती. बुधीने एक काठी घेतली आणि आमच्या परवानगीची वाट न बघता ढोसायला लागली. अर्धवट जळालेला कोपरा उडाला की ती तो काठीने परत आत लोटायची. मामलेदार म्हणाले, राहू दे, बाई आपल्यापेक्षा चांगलं जाळते. आणि ते हेडकारकुनांना घेऊन आत गेले.

मी आणि ती, दोघंच उरलो. राख निवेपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "आता कुनालाच कळायचं नाय?"

"कुणालाच नाही."

"मामलेदाराला?"

"नाही."

"तुला तरी ठावं असंल."

"मला कसं ठाऊक असणार? मी कुठे बघितलं?"

बुधीने काठी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिला माझी दया आली होती, अगदी खरी दया.

"वरीसभर राखलंस," ती म्हणाली, "आन आत काय हाय ते तुला बी ठावं नाय?"

"नाही."

"येडाच हायेस रे तू."

मला हसू आलं. कचेरीत इतकी वर्षं काढली, बढत्या मिळाल्या, पुढे निवृत्तीला हारतुरेही झाले. पण माझं काम इतक्या नेमक्या शब्दांत दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

मग तिने मागे-पुढे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. ती जवळ सरकली, आणि त्या निवडणुकीत आपण शिक्का कुणाच्या चिन्हावर मारला होता, ते तिने मला सांगितलं. उठली, काजळीचे हात लुगड्याला पुसले आणि भट्टीवर जायला निघाली.

त्याला आता किती वर्षं झाली. काळू गेला, धोंडूशेट गेले, बुधीही गेली. घरात अजून मला विचारतात, सांगा की कुणाला दिलं होतं तिने. मी सांगत नाही. कोर्टाचा हुकूम आणा म्हणतो.